सिनेमातलं ‘ज्युवेनाइल’ आणि आपल्याकडचं रिमांड होम

मोठं लोखंडी दार करकरत उघडतं. आत येतो सोळा-सतरा वर्षांचा पोरगा, काखेत गुंडाळलेली चादर. बराकीतली पोरं त्याला नखशिखान्त न्याहाळतात. पहिल्या रात्री मार, दुसऱ्या दिवशी तिथल्या दादाशी गाठ, मग एखादा मायाळू शिक्षक, एक जिवाभावाचा दोस्त आणि शेवटी पळून जायचा बेत. किशोरवयीन कैद्यांवरचे क्राइम ड्रामा जगभर निघतात आणि बहुतेक याच वाटेनं जातात. त्यातला एखादा चांगला निघाला तर रात्री झोप लागत नाही.

असे सिनेमे पाहून आपण धरून चालतो की मुलांचा तुरुंग म्हणजे तुरुंगच, फक्त आतली माणसं लहान. आणि व्हॉट्सॲपवरचे मेसेज वाचून बरोबर उलटं धरून चालतो: अल्पवयीन असला की काही होत नाही, निबंध लिहून सुटतो. या दोन्ही समजुती एकाच माणसाच्या डोक्यात असतात, हे मी कितीदा तरी पाहिलंय. भारतातला कायदा यातल्या एकीशीही जुळत नाही. तो नेमका काय आहे, हे या लेखात सावकाश बघू. कारण दर वेळी एखादं भयंकर प्रकरण घडतं, आपण संतापतो, कायदा बदला म्हणतो आणि बदलायचा तो कायदा आपल्यातल्या फार थोड्यांनी समजून घेतलेला असतो.

## आधी शब्द नीट लावून घेऊ

‘अभ्यास केला नाहीस तर रिमांड होमला टाकीन’ ही धमकी मी लहानपणी ऐकली आहे, तुम्हीही ऐकली असेल. वर्तमानपत्रं ‘बालसुधारगृह’ लिहितात. आजच्या कायद्यात यातला कुठलाच शब्द नाही. कायद्याचं नाव बाल न्याय (मुलांची काळजी आणि संरक्षण) अधिनियम, २०१५. तो १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे.

या कायद्यात तीन वेगवेगळ्या जागा आहेत. चौकशी चालू असताना मुलाला ठेवतात ते निरीक्षणगृह. गुन्हा केल्याचं सिद्ध झाल्यावर पाठवतात ते विशेष गृह. आणि सोळा वर्षांवरचा मुलगा अतिशय गंभीर गुन्ह्यात असेल, किंवा चौकशी चालू असताना त्यानं अठरा ओलांडली असतील, तर त्याच्यासाठी सुरक्षित ठिकाण. घरातून पळालेली, अनाथ, रस्त्यावर सापडलेली मुलं यांतल्या कुठेही जात नाहीत. त्यांच्यासाठी बाल कल्याण समिती आणि बालगृह ही वेगळी व्यवस्था आहे. आपल्या बोलण्यात मात्र सगळ्यांचं एकच रिमांड होम होतं आणि आईबाप गेलेल्या पोराकडेही लोक चोर असल्यासारखं बघतात.

गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलाला कायदा ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतो. शब्द अवजड आहे, मान्य. मी पुढे नुसतं ‘मुलगा’ म्हणेन. पण तो शब्द उगाच घडवलेला नाही. आरोपी, कैदी, अटक असे डाग लावणारे शब्द मुलांबाबत वापरायचे नाहीत, हे या कायद्याच्या मूलतत्त्वांमध्येच लिहिलेलं आहे.

## पहिले चोवीस तास

समजा, सोळा वर्षांचा एक मुलगा चोरीच्या मोटरसायकलसह सापडला. सिनेमा असता तर पुढच्याच दृश्यात गज दिसले असते. कायद्यानं त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, तुरुंगात तर नाहीच. बेडी घालता येत नाही. त्याच्याशी बोलणारा पोलीस साध्या कपड्यांत हवा. प्रत्येक पोलीस ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, त्याच्याकडे मुलाला सोपवायचं. आईवडिलांना कळवायचं आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे हजर करायचं.

अनेकांना ठाऊक नसलेली एक गोष्ट म्हणजे अशा चोरीत मुलावर एफआयआरही नोंदवायचा नसतो. ठाण्याच्या डायरीत नोंद करायची आणि मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल जोडायचा. गुन्हा फारच गंभीर असेल, किंवा मुलाबरोबर मोठी माणसंही गुन्ह्यात असतील, तरच एफआयआर.

जामिनाचंही तसंच. मोठ्यांसाठी जामीनपात्र आणि अजामीनपात्र अशी विभागणी असते, मुलांसाठी ती लागू नाही. गुन्हा कुठलाही असो, मुलाला जामिनावर सोडायचं, हा नियम. नाकारायचा तो तीनच कारणांनी: सुटल्यावर तो सराईत गुन्हेगारांच्या संगतीला लागेल, त्याच्या स्वतःच्या जिवाला, मनाला किंवा वळणाला धोका होईल, किंवा न्यायाचा हेतूच फसेल.

## व्यासपीठ नसलेलं न्यायालय

बाल न्याय मंडळात तिघं असतात. एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्या दोघांत निदान एक स्त्री. खोली कशी असावी हेही नियमांत आहे. ती कोर्टासारखी दिसता कामा नये. मंडळानं उंच व्यासपीठावर बसायचं नाही. मुलगा आणि मंडळ यांच्यामध्ये पिंजरा, कठडा, गज काही नको. एका पातळीवरच्या खुर्च्या, मध्ये टेबल.

याला कुणी नाटकीपणा म्हणेल. पण पंधरा वर्षांचं पोर उंचावर बसलेल्या माणसाला खरं सांगत नाही, ते त्याला हवं असलेलं सांगतं. घरात उभं करून ओरडल्यावर आपल्या मुलांकडून काय उत्तरं येतात ते आठवून बघा.

## एका फॉर्मची गोष्ट

या सगळ्या व्यवस्थेत मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा माणूस सिनेमात कधीच दिसत नाही. तो म्हणजे परिविक्षा अधिकारी, ज्याला सगळे प्रोबेशन ऑफिसर म्हणतात. मुलगा मंडळापुढे आल्यापासून पंधरा दिवसांत त्यानं सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. त्यासाठी मुलाच्या घरी जायचं, शेजाऱ्यांशी बोलायचं, शाळेत जायचं.

या अहवालाचा छापील नमुना एकदा तरी वाचावा असा आहे. घरात कोण कोण आहे, कोणाचं कोणाशी पटतं, कुणाला व्यसन आहे का. मुलाच्या सवयी काय आहेत, आणि त्यात दारू, सिगारेट, जुगाराच्या जोडीला वाचन, चित्रं, गाणं, खेळ हेही विचारलेलं. मित्र वयानं बरोबरीचे आहेत की मोठे. मारहाण किंवा अत्याचार सोसलाय का.

मग येतो शाळा सोडल्याचं कारण. त्यासाठी यादीच दिलेली आहे, लागू असेल तिथे खूण करायची. नापास झाला. शिकण्यात रस नव्हता. शिक्षकांचं दुर्लक्ष. घरखर्चाला हातभार लावण्यासाठी कमवायला लागला. आईवडील अचानक गेले. शाळेत इतर मुलं छळायची. अपमान झाला. मार बसला. जवळपास वयाला साजेशी शाळाच नव्हती. शिकवण्याची भाषा कळत नव्हती.

ही यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा मी बराच वेळ त्या पानावर थांबलो होतो. चोरीच्या मोटरसायकलीची चौकशी, आणि सरकारी कागद विचारतोय की वर्गात बोललेलं तुला समजत होतं का. कायद्याचा सगळा विचार त्या एका रकान्यात आहे. काय केलंस हे तर विचारायचंच, पण इथवर आलास कसा आणि इथून परत जायची वाट कुठली, हेही शोधायचं. सिनेमा आत जाण्याचं दार दाखवतो, या कायद्याचं लक्ष बाहेर पडण्याच्या दाराकडे आहे.

मात्र हा अहवाल रिकाम्या जागा भरल्यासारखा उरकला गेला, तर पुढचं सगळंच पोकळ होतं. एका प्रोबेशन ऑफिसरच्या माथी ढीगभर प्रकरणं असली की तसंच होतं.

## पण अठराच का?

आजच्या कायद्यात बालक म्हणजे अठराच्या आतला. पण हा आकडा आधीपासून नव्हता. १९८६ च्या कायद्यात ही वयोमर्यादा मुलग्यांसाठी १६ आणि मुलींसाठी १८ होती. डिसेंबर १९९२ मध्ये भारतानं संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार स्वीकारला. त्या करारात बालक म्हणजे १८ वर्षांखालचा माणूस. त्यानुसार २००० च्या कायद्यानं सगळ्यांसाठी १८ ही रेषा आखली. खालच्या टोकालाही एक रेषा आहे. सात वर्षांखालच्या मुलानं काहीही केलं तरी कायद्यानं तो गुन्हाच नसतो, आणि सात ते बारामध्ये त्याला समज होती का ते बघतात.

‘सतरा वर्षं आठ महिन्यांचा मुलगा बालक आणि चार महिन्यांनी तोच प्रौढ, हे कसं?’ प्रश्न रास्त आहे. पण रेषा कुठेही काढा, तिच्या अलीकडे-पलीकडे उभे असलेले दोघं सारखेच दिसणार. मतदानालाही हीच रेषा आहे. सतरा वर्षांच्या मुलानं आपल्या नावावरची जमीन विकण्याचा करार केला तर तो कायद्यात टिकत नाही. व्यवहारात ज्याची समज आपण कच्ची मानतो, त्याची समज गुन्ह्याच्या दिवसापुरती पक्की कशी मानायची?

‘हल्लीची पोरं मोबाइलवर सगळं बघतात, लवकर मोठी होतात’ हा दुसरा आक्षेप. माहिती लवकर येते, हे खरं. स्वतःला थांबवण्याची ताकद मात्र माहितीतून येत नाही. मेंदूचा कपाळामागचा भाग पुढचा-मागचा विचार करतो, हात आवरतो. तो पूर्ण तयार व्हायला पंचविशीच्या आसपासचं वय उजाडतं. उत्तेजनाची, बक्षिसाची, मित्रांच्या शाबासकीची ओढ लावणारी यंत्रणा त्याच्या खूप आधी जोरात चालू होते. गाडी चालवण्याच्या संगणकी खेळावर केलेल्या प्रयोगात असं दिसलं, की मित्र बघत असले की किशोरवयीन मुलं एकटी असतानापेक्षा जास्त धोका पत्करतात. प्रौढांवर बघ्यांचा तसा परिणाम दिसला नाही. मुलांचे किती गुन्हे टोळक्यानं होतात हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना यात नवल वाटणार नाही. पुण्यात कोयते घेऊन दहशत माजवणाऱ्या टोळ्यांच्या बातम्यांमध्येही हेच वय दिसतं, आणि पुष्कळदा मागे बसून त्यांना पुढे करणारे मोठे. मुलांचा असा वापर करणाऱ्या प्रौढाला याच कायद्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरीची तरतूद आहे. तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

## ‘तीन वर्षांत सुटतो’: अर्धं खरं

१६ डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या प्रकरणात सहांपैकी एक जण अठराच्या आतला होता. ऑगस्ट २०१३ मध्ये मंडळानं त्याला तीन वर्षांसाठी विशेष गृहात पाठवलं. तेव्हाच्या कायद्यातली ही कमाल मर्यादा होती. डिसेंबर २०१५ मध्ये तो बाहेर आला. देशभर संताप उसळला आणि दोनच दिवसांनी राज्यसभेनं नवा कायदा मंजूर केला.

त्या नव्या कायद्यानं गुन्ह्यांचे तीन गट केले. तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेले किरकोळ, तीन ते सात वर्षांचे गंभीर, आणि ज्यांची किमान शिक्षा सात वर्षं किंवा जास्त आहे ते घोर. खून आणि बलात्कार या शेवटच्या गटात येतात.

सोळा पूर्ण झालेल्या मुलावर घोर गुन्ह्याचा आरोप असेल तर मंडळ तीन महिन्यांत प्राथमिक मूल्यांकन करतं. गुन्हा करण्याची शारीरिक आणि मानसिक क्षमता त्याच्यात होती का, परिणाम कळत होते का, आणि ते कुठल्या परिस्थितीत घडलं, हे बघायचं. दोषी आहे की नाही हे इथे ठरवायचं नसतं. त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवावा असं मंडळाला वाटलं तर प्रकरण बाल न्यायालयात, म्हणजे मंडळाच्या वरच्या, सत्र न्यायालयाच्या पातळीवरच्या न्यायालयात जातं, आणि ते न्यायालय हा प्रश्न पुन्हा एकदा स्वतः तपासतं. दोषी ठरला तर शिक्षा तीन वर्षांहून कितीतरी जास्त असू शकते. एकवीस वर्षांचा होईपर्यंत सुरक्षित ठिकाणी, मग तो किती बदलला याचा आढावा, आणि गरज वाटली तर उरलेली शिक्षा मोठ्यांच्या तुरुंगात. फाशी मात्र नाही, आणि सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेपही नाही.

म्हणजे ‘सतरा वर्षांच्या बलात्काऱ्याला तीनच वर्षं’ हे २०१६ पासून खरं राहिलेलं नाही. सोळाच्या आतला असेल तर मात्र तीन वर्षं हीच मर्यादा.

मूल्यांकनाबद्दल माझ्या मनात शंका आहे, ती सांगतो. घटनेनंतर काही आठवड्यांनी समोर बसलेल्या मुलाशी बोलून, त्या क्षणी त्याला परिणाम कळत होते का, हे कुणी कसं ठरवायचं? गुरुग्राममधल्या शाळेतल्या एका खुनाच्या प्रकरणात २०२२ साली सर्वोच्च न्यायालयानंही हे काम नाजूक असल्याचं ओळखलं. मंडळात बालमानसशास्त्र किंवा बालमानसोपचार शिकलेलं कुणी नसेल तर तज्ज्ञांची मदत घेणं बंधनकारकच, असं न्यायालयानं सांगितलं.

## पोर्शे प्रकरणात नेमकं काय झालं

१९ मे २०२४. पुण्यात कल्याणीनगरमध्ये पहाटे अडीचच्या सुमाराला भरधाव पोर्शेनं मोटरसायकलला उडवलं. दोन तरुण इंजिनिअर जागीच गेले. गाडी चालवणारा सतरा वर्षं आठ महिन्यांचा. त्याच दिवशी त्याला जामीन मिळाला, आणि अटींमध्ये होता रस्ते अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध.

तो संताप मला आजही समजतो. पण त्यात दोन गोष्टी मिसळल्या होत्या, त्या सोडवून बघू. जामीन मिळणं कायद्याला धरून होतं, मुलांना तो मिळतोच. निबंध ही शिक्षा नव्हती, जामिनाची अट होती. तिच्या जोडीला वाहतूक पोलिसांबरोबर काम आणि व्यसनमुक्तीसाठी समुपदेशन याही अटी होत्या. चुकलं ते घाईत. रविवारी एकाच सदस्यानं, दोन जीव गेल्याचं वजन न पेलणारा आदेश दिला. पुढे चौकशी होऊन राज्य सरकारनं मंडळाच्या दोन सदस्यांना काढून टाकलं. संताप वाढल्यावर तीन दिवसांत मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं गेलं, आणि २५ जून २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं तेही बेकायदा ठरवून त्याला आत्याच्या ताब्यात दिलं. कारण एकदा दिलेला जामीन रद्द न करताच त्याला आत ठेवलं होतं. रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपाखाली मुलाच्या पालकांना आणि डॉक्टरांना अटक झाली. तो पूर्णपणे मोठ्यांचा आणि वेगळा खटला आहे.

मग त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला का नाही? इथे घोर गुन्ह्याच्या व्याख्येतला ‘किमान’ हा शब्द महत्त्वाचा. नोकरीच्या दोन जाहिराती समजा. एकीत ‘पगार किमान वीस हजार’, दुसरीत ‘पगार जास्तीत जास्त वीस हजार’. आकडा तोच, पण नोकरी सारखी नाही. त्याच्यावर आरोप होता सदोष मनुष्यवधाचा, म्हणजे जीव गेला पण खून धरला जात नाही अशा गुन्ह्याचा. त्याला तेव्हाच्या दंडविधानात जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती, पण सात वर्षांची किमान शिक्षा नव्हती. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं शिल्पा मित्तल खटल्यात स्पष्ट केलं, की वरची मर्यादा कितीही उंच असली तरी खालची सात वर्षांची नसेल तर तो गुन्हा ‘घोर’ नाही, ‘गंभीर’ धरायचा. २०२१ मध्ये संसदेनं कायद्यातच तशी दुरुस्ती केली. या हिशेबानं खुनाचा प्रयत्नसुद्धा घोर गटात येत नाही. जुलै २०२५ मध्ये मंडळानं पोर्शे प्रकरणातल्या मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवण्याची पोलिसांची मागणी फेटाळली.

ही रेषा तुम्हाला पटत नसेल तर वाद संसदेशी घालायला हवा. मंडळानं जमावाकडे बघून ती हलवावी, असं मी कधीच म्हणणार नाही. उद्या त्याच मंडळापुढे वकील परवडत नसलेल्या घरातलं पोर उभं असतं.

## ज्यांचं माणूस गेलं, त्यांचं काय?

या प्रश्नाला कायद्याकडे पुरेसं उत्तर नाही. पीडितांसाठी नुकसानभरपाईची योजना आहे, अपघातात मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आहे. पण मंडळाची चौकशी बंद दाराआड चालते, मुलाचं नाव बाहेर येत नाही आणि गेलेल्या माणसाच्या आईला आत काय चाललंय ते कळतही नाही. मुलाच्या भल्याचा विचार करताना समोरच्या घराला इतकं बाहेर ठेवायची गरज नव्हती. मुलाची ओळख जपूनही त्या कुटुंबाला प्रत्येक टप्प्याची माहिती देता येईल, त्यांचं म्हणणं मंडळ ऐकून घेऊ शकेल.

## आईबाप सुटतात का?

गाडीच्या बाबतीत तरी नाही. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. पोराच्या हातात स्कूटरची किल्ली देताना हे लक्षात असू द्या.

## सरळ मोठ्यांच्या तुरुंगात टाकलं तर?

आपण हे करून पाहिलेलं आहे. ऐंशीच्या दशकात देशभरच्या तुरुंगांमध्ये सोळा वर्षांखालची मुलं मोठ्या कैद्यांबरोबर ठेवलेली होती. पत्रकार शीला बर्से यांनी त्यासाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. १९८६ साली न्यायालयानं मुलांना तुरुंगात ठेवू नका असं बजावलं आणि जिल्हा न्यायाधीशांना तुरुंग तपासायला लावले. बाल न्यायाचा पहिला देशव्यापी कायदा त्याच वर्षीचा.

अमेरिकेत अनेक राज्यांनी मुलांना मोठ्यांच्या न्यायालयात पाठवण्याचा मार्ग पत्करला. तिथल्या अभ्यासांचा २००७ साली एकत्रित आढावा घेतला गेला. मुलांच्या व्यवस्थेत राहिलेल्यांच्या तुलनेत मोठ्यांकडे पाठवलेली मुलं पुढे हिंसक गुन्ह्यांकडे जास्त वळली, असं त्यातून निघालं.

कोवळ्या वयात मोडलेलं हाड लवकर जुळतं, हे घरोघरी माहीत असतं. पण ते वाकडं बसवलं तर तितक्याच लवकर वाकडंही जुळतं, आणि मग सरळ करायला पुन्हा मोडावं लागतं. सतराव्या वर्षी आत गेलेला मुलगा पंचवीस-तिशीत बाहेर येणार आहे, कुणाच्या तरी शेजारी राहणार आहे. आतली वर्षं तो कुणाच्या संगतीत काढतो, यावर त्या शेजाऱ्याचंही बरंच काही अवलंबून आहे.

आणि प्रमाणाचंही भान हवं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये देशात ५८ लाखांहून जास्त दखलपात्र गुन्हे नोंदले गेले. त्यांत आरोप अल्पवयीनांवर होता असे ३०,५५५. शंभरात एकही नाही.

## आत गेल्यावर सुधारणा होते का?

इथे मात्र सिनेमा अगदीच खोटा नाही.

मुंबईत डोंगरीला, उमरखाडीत, निरीक्षणगृह आहे. ही जागा म्हणजे पूर्वीचा डोंगरीचा तुरुंग. कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे तिथल्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात, १८८२ साली टिळक आणि आगरकर १०१ दिवस होते, तोच. तुरुंग म्हणून बांधलेली वास्तू पुढे मुलांसाठी वापरात आली. १९२७ साली स्थापन झालेली चिल्ड्रेन्स एड सोसायटी ती चालवते. मंडळाच्या खोलीत व्यासपीठ नको म्हणणाऱ्या व्यवस्थेनं मुलांना झोपायला मात्र तुरुंगाच्या भिंती दिल्या, हे मला फार लागतं.

कायद्यात विशेष गृहाच्या काळासाठी शिक्षण, हातातलं कौशल्य, समुपदेशन, व्यसनमुक्ती, वागणुकीतला बदल हे सगळं लिहिलेलं आहे. ते करायला माणसं लागतात. संपूर्णा बेहुरा यांनी २००५ मध्ये केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली निकाल दिला, त्यात मंडळं, समित्या, प्रोबेशन ऑफिसर यांच्या रिकाम्या जागा भरा असं राज्यांना सांगावं लागलं. जागाच रिकामी असेल तर घरी जाणार कोण, शाळेत जाऊन विचारणार कोण? मग दिवस जातात प्रार्थना, जेवण, टीव्ही आणि मारामाऱ्यांमध्ये. नव्या पोराला जुनी पोरं शिकवतात, शिक्षक नसतो तिथे.

कायदा मऊ आहे की कडक, यावर आपण रात्रभर वाद घालतो. मला वाटतं, तो पुरता राबवूनच पाहिलेला नाही. अठरा पूर्ण करून संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलाला एकवीस वर्षांपर्यंत, आणि गरज पडल्यास तेविसापर्यंत, राहण्याची, शिक्षणाची, कामाची मदत देता येते. अशी तरतूद आहे हे बाहेर पडणाऱ्या मुलालाही कुणी सांगितलेलं नसतं, तर तो मागणार काय?

## नाव का लपवायचं?

मुलाचं नाव, फोटो, शाळा, पत्ता छापणं किंवा फॉरवर्ड करणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर ‘हाच तो’ म्हणून फोटो टाकणाऱ्यालाही हे लागू होतं. शिवाय प्रौढ म्हणून दोषी ठरलेले सोडून बाकी मुलांच्या दोषसिद्धीची नोंद ठरावीक काळानंतर नष्ट करायची असते, म्हणजे नोकरीच्या अर्जात ती आडवी येत नाही. ज्याला पुन्हा सुरुवात करायला सांगतो, त्याच्या कपाळावर शिक्का ठेवून ती होणार नाही.

## आणि वय खोटं सांगितलं तर?

अशी भीती रास्त आहे, म्हणून वय ठरवण्याचा क्रम कायद्यानं बांधून दिलाय. आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र. ते नसेल तर महापालिकेची किंवा ग्रामपंचायतीची जन्मनोंद. दोन्ही नसेल तरच हाडांची वैद्यकीय चाचणी, कारण तिच्यात वर्षा-दोन वर्षांचा फरक पडू शकतो. आणि आपण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होतो हा दावा कधीही करता येतो, शेवटचा निकाल लागून गेल्यावरसुद्धा.

शेवटच्या निकालानंतरही हा दावा का ऐकायचा, असं वाटत असेल तर पुण्यातलंच एक प्रकरण बघा. ऑगस्ट १९९४ मध्ये एका घरात पाच स्त्रिया आणि दोन मुलं अशा सात जणांची हत्या झाली. पकडलेल्यांपैकी एकाला प्रौढ धरून खटला चालला. फाशी झाली. उच्च न्यायालयानं ती कायम केली, २००० साली सर्वोच्च न्यायालयानंही. तो नागपूरच्या तुरुंगात होता. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं की घटनेच्या दिवशी तो बारा वर्षं सहा महिन्यांचा होता. कायद्यानं त्याला जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवता आलं असतं. तोपर्यंत त्याची अठ्ठावीस वर्षं आत गेली होती, त्यांतली कितीतरी फाशीच्या सावलीत.

ज्या जन्मतारखेवर त्याची सुटका झाली, ती बिकानेर जिल्ह्यातल्या एका सरकारी शाळेच्या नोंदीत होती.